आधी पाणी, मग मासे: घरातल्या छोट्या समुद्राचे पहिले दोन महिने

आमच्या टाकीत पहिले 56 दिवस एकही मासा नव्हता. दिवा वेळेवर लागायचा, पंप फिरायचा, पाणी लखलखीत दिसायचं, आणि आत नुसती पांढरी वाळू आणि दगड. घरी येणारा प्रत्येकजण विचारायचा, "मासे कुठायत?" त्यावर आमचा सात वर्षांचा धाकटा गंभीरपणे सांगायचा, "आत्ता जिवाणू वाढतायत." त्याला ते खरंच कळलं होतं, कारण रोज संध्याकाळी काचेच्या नळीत थेंब टाकून पाण्याचा रंग तोच तक्त्याशी जुळवत होता.

खाऱ्या पाण्याची पहिली टाकी पुष्कळदा बिघडते, ती मासे आणण्याच्या घाईमुळे. म्हणून हा लेख मुख्यतः मासा येण्याआधीच्या दिवसांचा आहे. मुलांना सगळ्यात जास्त शिकायलाही त्याच दिवसांत मिळतं.

आम्ही पुण्यात राहतो. मालवणला सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ स्नॉर्केलिंग करताना लेकीनं पाण्याखाली जिवंत प्रवाळ पाहिलं आणि परतीच्या गाडीत तिचा एकच प्रश्न होता: हे घरी ठेवता येतं का? उत्तर सरळसोपं नाही.

काय आणायचं नाही

मालवणचा तो परिसर 1987 पासून सागरी अभयारण्य आहे, तिथून शिंपलाही उचलू नये. शिवाय चुनखडीचा सांगाडा बांधणारी सगळी कठीण प्रवाळं, काळं प्रवाळ, अग्निप्रवाळ आणि समुद्रपंखे हे वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 च्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे वाघाच्या पंक्तीला. समुद्रघोडेही त्यातच. मुंबईच्या सागरी किनारा रस्त्याच्या कामात वरळी आणि हाजी अलीच्या खडकांवरच्या छोट्या प्रवाळ वसाहतीसुद्धा 2020 मध्ये वनविभागाची परवानगी काढून, उचलून दुसरीकडे लावाव्या लागल्या. त्यामुळे दुकानदार "समुद्रातून ताजं आलंय" असं म्हणत कठीण प्रवाळाचा तुकडा किंवा प्रवाळ चिकटलेला जिवंत खडक पुढे करत असेल, तर तिथून निघावं. मेलेल्या पांढऱ्या प्रवाळाच्या शोभेच्या तुकड्यांनाही हाच कायदा लागू होतो. ही बंदी मला मनापासून पटते. लक्षद्वीपची प्रवाळं 1998, 2010 आणि 2016 च्या उष्ण समुद्रात पांढरी पडली. त्यातून जे सावरलंय ते तिथंच राहू दे.

मग उरतं काय? पुष्कळ काही. मऊ शरीराची मशरूम प्रवाळं आणि झोअँथिड यांना सांगाडा नसतो, ती या यादीत नाहीत आणि नवख्या हातालाही सांभाळून घेतात. हौशी लोक आपल्या टाकीत वाढलेले तुकडे एकमेकांना देतात, ते सगळ्यात चांगले. माशांमध्ये नारिंगी-पांढरी क्लाउनफिश बंदिस्त पैदाशीची मिळते. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेनं तिच्या पैदाशीचं तंत्र आपल्याकडे बसवलं आणि ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रातही शोभिवंत सागरी माशांची हॅचरी आहे. हॅचरीतला मासा दाणे खायला शिकलेला असतो, समुद्रातून पकडलेल्यापेक्षा तो काटक निघतो आणि त्याच्यासाठी कुणी प्रवाळात जाळं टाकलेलं नसतं. खरेदीची पावती घ्या आणि जपून ठेवा.

टाकी, जागा, वजन

छोटी टाकी सोपी, असं वाटतं. पाणी जितकं कमी तितका त्यातला बिघाड झपाट्यानं होतो, म्हणून 20-30 लिटरच्या गोंडस टाक्या नवख्यांसाठी नकोत. आम्ही दोन फूट लांब, दीड फूट रुंद, सव्वा फूट उंच अशी काचेची टाकी करून घेतली. काठोकाठ भरली तर ती 106 लिटरची होते. दगड, वाळू आणि वरची मोकळी जागा धरून प्रत्यक्ष पाणी सुमारे 90 लिटर. स्टँडसकट वजन दीडशे किलोच्या आसपास जातं. टीव्हीखालचं भुश्शाच्या फळीचं कपाट त्याखाली कधीच वापरू नका, ओल लागली की ते फुगतं. लोखंडी स्टँड, वर जाड प्लायवूड आणि काचेखाली थर्मोकोलचा पातळ थर द्या. गवंड्याची पाणपातळी लावून बघा, टाकी रेषेत बसलीच पाहिजे. खिडकीतलं थेट ऊन टाळा.

विजेच्या बाबतीत मात्र तडजोड नको. प्रत्येक वायर प्लगकडे जाताना आधी खाली लोंबून मग वर चढली पाहिजे, म्हणजे वायरीवरून ओघळलेलं पाणी त्या खालच्या वळणावरून जमिनीवर पडेल, प्लगमध्ये जाणार नाही. घरात 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळू लागली की पुरवठा तोडणारा स्विच) नसेल तर टाकीआधी तो बसवून घ्या. पाण्यात हात घालण्याआधी मुलांनी मोठ्यांना हाक मारायची, हा आमच्याकडचा पहिला नियम.

बाकी सामान थोडकं: 100 वॅटचा हीटर (पुण्याच्या डिसेंबरात रात्री लागतोच), ताशी दीड हजार लिटरच्या आसपास पाणी हलवणारा वेव्ह पंप, मागे टांगायचा फिल्टर आणि प्रवाळाला चालेल असा निळा-पांढरा एलईडी दिवा. प्रोटीन स्किमर (फेसाबरोबर पाण्यातली घाण काढणारं यंत्र) दर आठवड्याला पाणी बदलणाऱ्या छोट्या टाकीला नसला तरी चालतो. त्याचे पैसे वाचवून दिव्यात आणि पाणी शुद्ध करण्याच्या यंत्रात घाला.

पाणी

इथं मी जरा रेंगाळणार आहे.

स्वयंपाकघरातल्या आरओचं पाणी आहे तसं चालत नाही. पिण्याच्या पाण्याला चव यावी म्हणून बहुतेक घरगुती आरओमध्ये थोडं मूळ पाणी पुन्हा मिसळायची सोय असते, नाहीतर खनिजांची नळी लावलेली असते. आमच्या आरओच्या पाण्याचा टीडीएस, म्हणजे त्यात विरघळलेले एकूण क्षार, 64 आला. प्रवाळाच्या टाकीला तो शून्य, फार तर पाच हवा. नाहीतर नळाच्या पाण्यातले नायट्रेट, फॉस्फेट आणि सिलिकेट आत जातात आणि दगडांवर शेवाळ माजतं. आम्ही मेकॅनिककडून खनिजांच्या नळीच्या आधीच एक तोटी काढून घेतली आणि पुढे डीआय रेझिनची (उरलेसुरले क्षार शोषणाऱ्या दाण्यांची) वेगळी नळी जोडली. टीडीएस मीटर स्वस्त असतो, तो पहिल्या दिवशीच घ्या.

आणखी एक गोष्ट आपल्याकडच्या घरांत हमखास होते. आरओचं पाणी साठवायला सासूबाईंनी प्रेमानं घासूनपुसून तांब्याची कळशी दिली. माणसांना ती चांगली, पण कोळंबी, गोगलगायी आणि प्रवाळ यांना तांब्याचा अंशही विषारी. पितळही नको. खाद्यपदार्थांसाठीचं नवं प्लॅस्टिकचं पिंप आणि दोन बादल्या फक्त टाकीसाठी ठेवा. त्या बादल्यांना साबण लागता कामा नये. आम्ही त्यांवर लाल रंगानं मासा काढून ठेवलाय.

मीठ स्वयंपाकाचं चालत नाही, सैंधवही नाही. समुद्राच्या पाण्यात सोडियम क्लोराइडखेरीज मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम, बायकार्बोनेट असं बरंच काही ठरावीक प्रमाणात असतं. मत्स्यालयासाठीचं तयार सागरी मीठच घ्या. लिटरला साधारण 35 ते 38 ग्रॅम, म्हणजे 90 लिटरला सव्वातीन किलोच्या आसपास. पिंपात पाणी आधी, मीठ नंतर, पंप लावून रात्रभर फिरू द्या. मिठावर पाणी ओतलं तर कॅल्शियम साका होऊन तळाशी बसतं. किनाऱ्यावर राहणाऱ्यांना वाटेल, समुद्र दारात असताना मीठ कशाला? पण मुंबईच्या किनाऱ्याचं पाणी गढूळ आणि सांडपाणी मिसळलेलं असतं, आणि पावसाळ्यात खाड्यांच्या गोड्या पाण्यानं त्याची क्षारताही घसरते.

क्षारता मोजायला रिफ्रॅक्टोमीटर घ्या आणि तो 35 (हजारात 35 भाग) क्षारतेच्या प्रमाणित द्रावणानं जुळवून घ्या, नुसत्या पाण्यानं नव्हे. आपल्याला हवं विशिष्ट गुरुत्व 1.025 ते 1.026, तापमान 25 ते 27 अंश. हे काम आमच्या अकरा वर्षांच्या लेकीचं. डोळा लावून निळ्या-पांढऱ्या रेषेवरचा आकडा वाचायचा आणि भिंतीवरच्या वहीत लिहायचा.

आता बाष्पीभवन. टाकीतून उडून जातं ते फक्त पाणी, मीठ मागेच राहतं. म्हणून कमी झालेली पातळी भरायची ती बिनमिठाच्या शुद्ध पाण्यानं. हे वाचायला सोपं आहे, तरी नवऱ्यानं पहिल्या उन्हाळ्यात सहा दिवस रोज दीड लिटर खारं पाणी ओतलं, कारण शेजारी तेच पिंप होतं. वहीत 1.025 वरून 1.028 झालेलं लेकीनं पकडलं. टाकी तेव्हा रिकामी होती म्हणून निभावलं. आता काचेवर पट्टीनं रेघ मारलीय, गोड्या पाण्याच्या कॅनला हिरवं झाकण आहे आणि रोज सकाळी रेघेपर्यंत पाणी भरणं हे त्याचंच काम.

दगड आणि वाळू

सच्छिद्र कोरडा किंवा कृत्रिमरीत्या बनवलेला दगड आठ-दहा किलो. सच्छिद्र हवा, कारण जिवाणूंची वस्ती त्याच्या पोटात होते. वाळू अ‍ॅरगोनाइटची, म्हणजे चुनखडीच्या खनिजाची, इंचभर थराला दहा-अकरा किलो. बांधकामाची किंवा चौपाटीची वाळू नको. आधी दगड थेट तळकाचेवर पक्के बसवा आणि मग भोवती वाळू पसरा. उलट केलं तर वाळू उकरणारा जीव एखाद दिवशी दगड खाली आणेल. मांडणी मुलांना करू द्या, पण कोरड्या टाकीत. आमच्याकडे चार वेळा किल्ला बांधून मोडला गेला, दिवाळीच्या किल्ल्याइतकाच जीव लावून. दगड आणि काच यांत हात जाईल एवढी फट ठेवा, नाहीतर काच पुसता येणार नाही.

रिकामे आठवडे

माशाच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाद्यातून अमोनिया तयार होतो आणि तो माशाला जाळतो. एका जातीचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसरे नायट्राइटचं नायट्रेट. हे जिवाणू दगडावर रुजायला चार ते सहा आठवडे लागतात. मासा नसताना त्यांना खाऊ घालायचा म्हणजेच टाकी मुरवायची. काहीजण कोळंबीचा कच्चा तुकडा टाकतात. चालतो, पण त्याचं माप राहत नाही आणि घर वासानं भरतं. मत्स्यालयासाठी मिळणारं अमोनियम क्लोराइडचं द्रावण थेंबानं मोजून घालता येतं, आणि शाकाहारी घरांचाही प्रश्न सुटतो. अमोनिया 2 पीपीएमपर्यंत (दहा लाखांत दोन भाग) न्या आणि थांबा. बाटलीतले जिवाणू घातले तर वेग वाढतो, पण मोजणी टळत नाही.

आमच्या वहीत पहिला आठवडा अमोनियाची नळी हिरवी ती हिरवीच. दुसऱ्या आठवड्याच्या शेवटी नायट्राइटची नळी जांभळी झाली तेव्हा धाकट्यानं सगळ्या इमारतीला सांगितलं. पाचव्या आठवड्यात दोन्ही नळ्या शून्याच्या रंगावर आल्या. मग खरी परीक्षा: पुन्हा 2 पीपीएम अमोनिया घालायचा आणि 24 तासांनी मोजायचं. अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य आलं की टाकी तयार. नाही आलं, तर आणखी एक आठवडा थांबायचं.

याच सुमारास वाळू आणि दगड तपकिरी होतात. घाबरू नका आणि औषध तर अजिबात घालू नका. ते डायटम, म्हणजे सूक्ष्म तपकिरी शैवाल असतं, सिलिकेट संपलं की ओसरतं. मग हिरवं शेवाळ येतं. सहाव्या आठवड्यात ट्रोकस जातीच्या चार-पाच गोगलगायी आणा. काचेवरून सरकत शेवाळ खरवडणारं त्यांचं तोंड बाहेरून दिसतं, आणि आमच्या मुलांनी त्यासमोर जितका वेळ घालवला तितका नंतर माशांसमोरही नाही. दिवा या काळात पाच-सहा तासच ठेवा.

हवेकडेही लक्ष हवं, आणि ते आमच्या हातून सुटलं होतं. डासांसाठी लावायच्या द्रवयंत्रातलं औषध पायरेथ्रॉइड गटाचं असतं आणि पाण्यातल्या जीवांना ते घातक. टाकीला हवेचा पंप असेल तर खोलीतली हवा तो थेट पाण्यात ढकलतो. पुढे टाकी वसल्यावर एका पावसाळी रात्री बैठकीत ते यंत्र चालू राहिलं आणि सकाळी आमची पट्टेरी क्लीनर कोळंबी उलटी पडलेली होती. दुसरं कुठलंच कारण वहीत सापडलं नाही. तेव्हापासून त्या खोलीत मच्छरदाणी आणि खिडकीला जाळी. धूप, अगरबत्तीही दुसऱ्या खोलीत, आणि घरात झुरळांची फवारणी करायची असेल तर पंप बंद करून टाकी झाकायच्या आधी फवारणीवाल्याला आतच घेऊ नका. नंतर खोली नीट मोकळी होईपर्यंत खिडक्या उघड्या ठेवा.

पहिली जोडी

मासे आणण्याआधी निम्मं पाणी बदला, म्हणजे साठलेलं नायट्रेट उतरेल. दुकानात मासा खाताना दाखवा म्हणावं. जो खात नाही, ज्याचे कल्ले भराभर चालतात, अंगावर पांढरे ठिपके किंवा चिकट पापुद्रा आहे, तो घेऊ नये. लहान-मोठी अशी दोनच क्लाउनफिश, एकाच ठिकाणाहून, एकाच दिवशी. घरी पिशवी अर्धा तास पाण्यावर तरंगू द्या, मग मासे छोट्या बादलीत घेऊन टाकीचं पाणी बारीक नळीनं थेंबथेंब सोडा, तासाभरानं जाळीनं मासे टाकीत. दुकानाचं पाणी टाकीत ओतायचं नाही. दिवा त्या दिवशी बंद.

क्लाउनफिश सगळे नर म्हणूनच वाढतात. जोडीतला मोठा, वरचढ मासा पुढे मादी होतो आणि आकारानं आणखी वाढतो. लेकीनं वहीत दोघांची लांबी अंदाजानं लिहायला सुरुवात केली ती याचसाठी. त्यांना समुद्रफूल (ज्यात क्लाउनफिश राहतात तो ॲनिमोन नावाचा प्राणी) लागतंच असं नाही. उलट नव्या टाकीत समुद्रफूल जगणं कठीण, ते जागा सोडून चालू लागतं आणि पंपात अडकून सगळं पाणी नासवतं. वर्षभर तरी नको. निळी टँगही नको, ती फूटभर वाढते. मँडरिन मासा कितीही सुंदर असला तरी तो कोपेपॉड नावाचे बारीक जिवंत जीव टिपत जगतो आणि नव्या टाकीत उपाशी मरतो.

या दोघांनंतर फार तर एक गोबी (तळाशी वावरणारी छोटी मासळी), आणि तीही चार आठवडे वेगळ्या टबात ठेवून. तांब्याचं औषध द्यावं लागलं तर त्या टबातच द्यायचं.

खाऊ घालणं सासूबाईंकडे आहे. दिवसातून दोनदा, अर्ध्या मिनिटात संपेल इतकंच. पाहुण्याला पोटभर वाढायची सवय असलेल्या हाताला हे जड गेलं, पण रोज सकाळी दहा मिनिटं टाकीसमोर बसून त्या जे टिपतात ते कुठल्याच नळीत दिसत नाही. "आज धाकटी कोपऱ्यात आहे" हे वाक्य त्यांच्याकडून आलं की आम्ही संध्याकाळची वाट न बघता पाणी मोजतो.

प्रवाळ

तिसरा महिना संपेपर्यंत थांबा. प्रवाळाच्या पेशींत सूक्ष्म शैवाल राहतं, ते प्रकाशावर अन्न बनवतं आणि त्यातलं बरंचसं प्रवाळाला देतं. पाणी फार तापलं की प्रवाळ ते शैवाल बाहेर टाकतं आणि पांढरं पडतं. म्हणून एप्रिल-मे महत्त्वाचे. पाण्याच्या पृष्ठभागावर छोटा पंखा लावला की बाष्पीभवनानं दोन-तीन अंश उतरतात, माठातलं पाणी गार होतं तसंच. पुण्यात, विदर्भात हे जमतं. मुंबईच्या, कोकणाच्या दमट हवेत कमी. तिथं चिलरचा खर्च आधीच धरा किंवा टाकी वातानुकूलित खोलीत ठेवा.

पहिलं मशरूम प्रवाळ खालच्या बाजूला, मंद प्रवाहात. झोअँथिड आणणार असाल तर हे नीट वाचा: त्यातल्या काही जातींत, विशेषतः पॅलिथोआत, पॅलिटॉक्सिन नावाचं अतिशय जहाल विष असतं. हातमोजे आणि चष्मा घातल्याशिवाय हाताळू नका, घरी कापू नका, आणि टाकीतला दगड साफ करायला कधीही उकळू नका. त्या वाफेनं अख्खी कुटुंबं दवाखान्यात गेली आहेत. मुलांनी ते फक्त काचेतून पाहायचं.

दर रविवारी नऊ-दहा लिटर पाणी बदलतो, आधी तयार करून त्याच तापमानाला आणलेलं. मऊ प्रवाळांना एवढ्यावर क्षार पुरतात. क्षारीयता (म्हणजे पाण्यातल्या कार्बोनेटचं प्रमाण, क्षारता नव्हे; ती डीकेएच या एककात मोजतात) आठ-नऊ डीकेएच असली की वेगळं काही घालायला नको. वीज गेली तर माशांना आधी कमी पडतो तो ऑक्सिजन, म्हणून बॅटरीवरचा हवेचा पंप कपाटात चार्ज करून ठेवलेला असतो.

गणपतीला गावी जायचं असेल तर तयारी आठवडाभर आधी. पातळी आपोआप भरणारा फ्लोट लावा आणि दोन दिवस डोळ्यांदेखत चालवून बघा. शेजारच्या काकूंना किल्ली देताना खाद्याच्या छोट्या पुड्या बांधून, प्रत्येकीवर वार लिहून द्या, आणि डबा मात्र कुलुपात ठेवा. दोन क्लाउनफिश एक दिवस उपाशी राहिले तर काही होत नाही. दया येऊन टाकलेल्या एका मुठीनं पाचव्या दिवशी अमोनियाची नळी पुन्हा हिरवी होते.